पाचव्या दिवसाची धाप : हार्ट अटॅकमधून वाचलेली आपली माणसं घरी आल्यावर का मरतात?

"वेळ आली होती हो त्यांची."

ऐरोलीत आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या जलदान विधीला हे वाक्य मी एका दिवसात निदान वीस वेळा ऐकलं. म्हणणारे कोण? घरात बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो लावणारे. त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असणारे. ज्यांच्या आईबापांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ते. नशीब, दैव, कर्माचा लेखाजोखा हे सगळं नाकारून आपण धम्मात आलो. मागच्या जन्मीच्या पापापुण्यावर या जन्मीचं दुःख ठरतं, हा सिद्धांत बाबासाहेबांनी खोडून काढला, कारण गरिबाच्या हालांची जबाबदारी गरिबाच्याच माथी मारण्याची ती सोय होती. आणि आपल्यातलं माणूस अकाली गेलं की आपल्याच तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं? वेळ आली होती!

साथींनो, काकांची वेळ आलेली नव्हती. काकांना उशीर झाला होता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळ कोणी आणत नाही, उशीर कोणीतरी करतं. ज्यांनी उशीर केला त्यांत मीसुद्धा आहे. म्हणून हा लेख.

काय घडलं ते आधी सांगतो

काका बावन्न वर्षांचे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटदाराकडे साफसफाईच्या कामाला. डायबेटीस होता, गोळी कधी घ्यायचे, कधी नाही. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या पोटात वरच्या बाजूला जळजळ सुरू झाली, दोन उलट्या झाल्या, दरदरून घाम आला. घरात सगळ्यांनी ठरवलं, पित्त आहे. इनो दिला. रात्री जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे एक इंजेक्शन आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. ईसीजी काढला नाही. सोमवारी सकाळी काका कामावर गेले. का गेले? कंत्राटी माणसाला भरपगारी रजा नसते म्हणून. दुपारी तिथेच खाली बसले. मग हॉस्पिटल, ईसीजी, हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असं निदान, एन्जिओप्लास्टी, एक स्टेंट. पहिली कळ आल्यापासून जवळपास वीस तासांनी.

गुरुवारी काका घरी आले. बिलाचं मीटर चालू होतं आणि मुकादमाचा फोन आला होता, "कधी येताय, की दुसरा माणूस लावू?" शुक्रवारी संध्याकाळी मी भेटायला गेलो. काका बोलता बोलता थांबत होते, श्वास पुरत नव्हता. मी म्हणालो, "काका, स्टेंट टाकलाय ना, आता कसली भीती? टेन्शन घेऊ नका." हे मी बोललो. चळवळीत दहा वर्षं काढलेला, आरोग्यावर शिबिरं घेतलेला मी.

त्या रात्री काकांना आडवं होता येईना. काकू नंतर सांगत होत्या, "अहो, रात्रभर भिंतीला टेकून बसले होते. पडले की जीव कासावीस व्हायचा." पहाटे एका दवाखान्यात नेलं. छातीत कफ झालाय, न्यूमोनियाची सुरुवात असेल, असं सांगून वाफ दिली आणि सलाईन लावलं. सकाळी काका थंडगार पडले, ओठ काळेनिळे. मग मोठं हॉस्पिटल, तिथे टूडी इको. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, व्हॉल्व्ह फाटलाय, ताबडतोब ऑपरेशन लागेल, आमच्याकडे होणार नाही. दुसरीकडे डिपॉझिटची विचारणा, कागदांची जुळवाजुळव, अॅम्ब्युलन्स. ऐरोली-मुलुंड पूल ओलांडायच्या आत काका गेले.

नंतर आमच्या एका डॉक्टर मित्राने ती फाइल वाचली आणि मला समजावलं. जे समजलं ते असं.

फाटतं काय, आणि कधी?

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा असे दोन कप्पे असतात. त्यांच्यामध्ये जी झडप असते तिला मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात. रक्त वरून खाली येऊ द्यायचं आणि उलट जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. झडपेचे दोन पडदे बारीक दोऱ्यांनी खालच्या कप्प्यातल्या दोन छोट्या स्नायूंना बांधलेले असतात. १४ एप्रिलच्या मंडपाची कनात आपण खुंट्यांना ताणून बांधतो, अगदी तसं. खुंटी उपटली की कनात वाऱ्यावर फडफडायला लागते.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडणं. तो भाग वेळेत मोकळा झाला नाही तर तिथला स्नायू मरतो. मेलेला स्नायू त्याच दिवशी फाटतो असं नाही. तो मऊ पडत जातो. कधी पहिल्याच दिवशी, पण बहुतेक वेळा दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान तो तुटतो. म्हणजे जेव्हा घरचे म्हणायला लागतात "सुटलो एकदाचे", नेमका तेव्हा. खुंटी उपटली की झडप फडफडते, पुढे शरीराकडे जायचं रक्त मागे फुप्फुसाकडे ढकललं जातं आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बसून बुडायला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झडपेला धरणाऱ्या त्या दोन स्नायूंपैकी एकाला साधारणपणे दोन रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळतं, तर दुसरा एकाच रक्तवाहिनीवर जगतो. ती एक वाहिनी बंद झाली की त्याला दुसरा आधार नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येतो तेव्हा हाच एकट्या वाहिनीचा स्नायू सापडतो. आणि याच झटक्यात छातीत कळ येण्याऐवजी पोटात वरच्या बाजूला दुखणं, मळमळ, उलटी असं चित्र पुष्कळदा दिसतं. म्हणजे ज्या झटक्याला आपण पित्त समजून इनो देतो, तोच झटका झडप फाडण्याच्या बाबतीत सर्वात धोक्याचा. डायबेटीस असेल तर कळ आणखी बोथट होते, काहींना ती जाणवतच नाही.

फाटण्याचे प्रकारही एकापेक्षा जास्त आहेत. कधी दोन खालच्या कप्प्यांमधला पडदाच भोक पडून फुटतो. तोही साधारण याच दिवसांत, तशीच धाप आणि तसंच थंड पडणं. तिसरा प्रकार हळूहळू मारतो. स्नायू तुटत नाही, पण हृदय ताणलं जाऊन झडप नीट मिटत नाही, रक्त गळत राहतं. आठवड्यांनी, महिन्यांनी जिना चढताना दम लागतो, रात्री झोपेतून धाप लागून उठायला होतं, पाय सुजतात. घरचे म्हणतात, वय झालं. पंचावन्नाव्या वर्षी आपल्या माणसांचं वय होतं आणि मलबार हिलवाल्यांचं ऐंशीव्या वर्षी होतं, हाही चमत्कारच!

"पण हे तर दुर्मिळ आहे"

हो, आहे. आणि हाच माझा मुद्दा आहे. रक्ताची गाठ विरघळवणारी औषधं आणि एन्जिओप्लास्टी येण्याआधी हार्ट अटॅकच्या शंभर पेशंटमागे एखाद-दुसऱ्याची झडप अशी तुटायची. आज वेळेत उपचार मिळणाऱ्यांमध्ये शंभरात एकाचीही नाही. या आकड्याचा अर्थ नीट लावा. झडप तुटणं ही निसर्गाची अटळ खेळी असती, तर उपचार लवकर मिळाल्याने ती कमी झाली नसती. ज्याची वाहिनी दोन-तीन तासांत उघडली, त्याचा बराचसा स्नायू वाचतो. ज्याची वीस तासांनी उघडली किंवा उघडलीच नाही, त्याचा मरतो आणि मग तुटू शकतो. म्हणजे हा आजार आता उशिराचा आजार झाला आहे.

आणि उशीर कोणाच्या वाट्याला येतो? ज्याला भरपगारी रजा नाही त्याच्या. ज्याच्या जवळच्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन नाही त्याच्या. जी बाई दिघा, चिंचपाडा, गणपतीपाडा इथून निघून सेक्टरातल्या चार घरची धुणीभांडी करते आणि छातीत दुखतंय म्हणायलाही जिला वेळ नाही, तिच्या. बाईचा झटका तर घरातही उशिरा ओळखला जातो आणि दवाखान्यातही. तिला आधी "घाबरलीय", "गॅस झालाय" हेच ऐकावं लागतं. ऐरोलीतच एका बाजूला काचेचे आयटी पार्क आहेत, दुसऱ्या बाजूला त्या काचा पुसणारे हात आहेत. हृदय दोघांचं सारखंच आहे. रक्तवाहिनी उघडायला लागणारे तास सारखे नाहीत. जिथे उशीर जातीवर्गाप्रमाणे वाटला जातो, तिथे उशिराने येणारं मरणही जातीवर्गाप्रमाणेच वाटलं जातं. मग हा चळवळीचा विषय नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणता?

१९२९ चा थर्मामीटर

"वेटिंग फॉर अ व्हिसा" तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. त्यात बाबासाहेबांनी काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शाळामास्तराची हकिगत दिली आहे. त्या मास्तरांचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या "यंग इंडिया"त छापून आलं होतं. बाळंत झालेली बायको दोन दिवसांत आजारी पडली. तिला श्वास घेता येईना, बरगड्या दुखत होत्या. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठची रदबदली झाली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा कुठे तो आला, पण तिला वस्तीच्या बाहेर आणायच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच साखळीने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहिला, न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. पुन्हा यायला त्याने नकार दिला. ती बाई गेली.

न्यूमोनियाच असेलही तो. पण त्या डॉक्टरने तिच्या छातीला हात लावला नाही. तिच्या श्वासाला कान दिला नाही.

आज कोणी थर्मामीटर मुसलमानाच्या हातून देत नाही. कायदा आहे, संविधान आहे. पण काकांच्या बाबतीत त्या पहाटे काय झालं? पाच दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आलेल्या, झोपता न येणाऱ्या, घामाने थबथबलेल्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लागला नाही. काकूंनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून पुढे केलं, ते कोणी उघडलं नाही. त्या डॉक्टरने जात पाहिली, असा आरोप मी करत नाही. मला ते माहीत नाही. पण ज्या माणसाच्या सदऱ्यावर कंपनीच्या साफसफाईचा शिक्का आहे, त्याच्यासाठी दोन मिनिटं जास्त खर्च करावीत असं व्यवस्थेला वाटत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. अस्पृश्यता हाताची असते तशी वेळेचीही असते.

डॉक्टर मंडळींनी रागावण्याआधी त्यांच्याच पुस्तकातल्या तीन गोष्टी पुन्हा वाचाव्यात. एक, झडप अशी तुटली की छातीत नवीन मर्मर, म्हणजे रक्त उलटं जाण्याचा आवाज, ऐकू येऊ शकतो, पण तो अगदी बारीक असू शकतो किंवा नसूही शकतो. आवाज नाही म्हणून झडप शाबूत, असं नाही. दोन, उलट येणारी रक्ताची धार फुप्फुसाच्या एकाच भागावर आदळली तर एक्स-रेमध्ये पाणी एकाच बाजूला दिसतं आणि ते हुबेहूब न्यूमोनियासारखं वाटतं. तीन, खात्री करण्याचा मार्ग टूडी इको हा आहे. तो छातीवरून फिरवायचा एक प्रोब आहे. त्याला सुई नाही, चिरफाड नाही, काही मिनिटांचं काम आहे. हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अचानक धाप लागलेल्या माणसाला इको न करता न्यूमोनिया ठरवणं, ही चूक आहे. छोटी नव्हे.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. सलाईनचा हट्ट धरू नका. अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक बाटली लावा" म्हणायची आपल्याला सवय आहे. पण ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी साचलंय, त्याला सलाईन म्हणजे बुडत्याच्या तोंडात आणखी पाणी.

ही भीक नाही

"एवढं मोठं ऑपरेशन आपल्याला कुठे परवडतं?" हा पुढचा प्रश्न. खरं आहे, तुटलेल्या झडपेला औषधाने जोडता येत नाही. फुग्याचा पंप लावून, औषधं देऊन काही तास मिळवता येतात, पण शेवटी छाती उघडून झडप बदलावीच लागते. ऑपरेशन झालं नाही तर बहुतेक पेशंट काही दिवसांतच जातात. झालं तर धोका मोठा असतो, तरी निम्म्याहून जास्त लोक वाचतात, आणि जे वाचतात ते पुढे वर्षानुवर्षं जगतात. म्हणजे इथे पैशाचा प्रश्न थेट जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

मग बघू या पैसा कोणाचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे दिलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो ते हेच. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कंत्राटदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी असते. काकांच्या पगारातून पैसे कापले जात होते. कार्ड मात्र त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि आम्ही कोणी कधी विचारलंही नव्हतं. बाबासाहेबांच्या काळात पाया घातलेला हक्क आपल्याच माणसाच्या खिशात नव्हता आणि आपण त्याच माणसाकडून जयंतीची वर्गणी दरवर्षी न चुकता घेत होतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता ती राज्यभर आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, टोल फ्री नंबर १५५३८८. धर्मादाय ट्रस्टची जी मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून घ्यायचं आणि डिपॉझिट मागायचं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतच आहे. रेल्वेतून पडलेल्या बंगालमधल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार न देणं हा कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. कलम २१ कुठून आलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

"सरकारी यंत्रणेला असली ऑपरेशनं जमत नाहीत" म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. भारतातलं पहिलं हृदयरोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केलं ते केईएममध्ये, मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात. पेशंट वाचला नाही, पण हिंमत महापालिकेच्या रुग्णालयाने केली होती. भारतात बनलेली चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या सरकारी संस्थेने बनवली, परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त. ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली ती तारीख ६ डिसेंबर १९९०. योगायोगच, पण दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना आठवावा असा. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या संस्था हे करू शकतात. त्यांना करू द्यायचं नाही, विम्याचे पैसे खाजगीकडे वळवायचे आणि आपल्याला रांगेत उभं करायचं, हा आजचा डाव आहे. म्हणून योजनेचं कार्ड वापरा जरूर, पण कार्डावर समाधान मानू नका. मागणी महापालिकेच्या रुग्णालयाची करा.

आता आपल्या ताटातलं

व्यवस्थेला शिव्या घालणं सोपं आहे. ६ डिसेंबर १९५६ च्या रात्रीबद्दल कट-कारस्थानाच्या कथा आपण जवळपास सत्तर वर्षं चघळल्या. माईसाहेबांना त्यापायी काय काय भोगावं लागलं! पण बाबासाहेबांना डायबेटीस होता, १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळले होते, आणि वयाच्या अवघ्या पासष्टाव्या वर्षी ते गेले, यातून आपण काय शिकलो? आपल्या वस्तीत डायबेटीसचे पेशंट किती आहेत याची एक यादी तरी कोणत्या मंडळाकडे आहे? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती ईसीजी निघतील, याचा हिशेब कोणी केलाय? जयंती करूच नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः नाचतो. पण एक कनात कमी बांधा आणि हृदयातली खुंटी सांभाळायला शिका.

ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचं भव्य स्मारक उभं आहे. आत ग्रंथालय आहे. तिथे अभ्यासाला बसणाऱ्या पोरापोरींनी पुढच्या रविवारी फक्त एवढं करावं. खालच्या गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून आपापल्या वस्तीतल्या विहारात लावाव्यात.

हार्ट अटॅकनंतर घरी आलेल्या माणसाला यातलं काहीही झालं तर थांबू नका :
१. अचानक धाप लागणं, बोलताना वाक्य पुरं न होणं.
२. आडवं पडता न येणं, बसूनच राहावं लागणं.
३. खोकल्यातून गुलाबी फेसासारखं पडणं.
४. अंग थंड, घाम, ओठ-नखं निळसर, लघवी कमी होणं, गुंगी येणं.
५. छातीत पुन्हा कळ येणं, चक्कर येऊन पडणं.
दिवस मोजा. पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून. त्यानंतर दम लागणं किंवा पाय सुजणं दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा.

अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात जायचं नाही. १०८ ला फोन करून "हार्ट अटॅकचा पेशंट आहे, श्वास लागलाय" हे शब्द वापरायचे. १०८ च्या अॅम्ब्युलन्स दोन प्रकारच्या असतात, त्यातली व्हेंटिलेटरची मागायची. माणसाला बसवून न्यायचं, झोपवायचं नाही. डिस्चार्ज कार्ड वरती हातात ठेवायचं, पिशवीच्या तळाशी नाही. आणि डॉक्टरला मान देऊन, पण ठामपणे एकच वाक्य म्हणायचं : "साहेब, यांना अमुक तारखेला अटॅक आला होता, इको करून झडप बघा." हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. डिस्चार्ज घेतानाही विचारायचं : इको झाला का, झडप गळते का, पुन्हा कधी करायचा? बिलासाठी किंवा मुकादमाच्या फोनसाठी डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध माणूस घरी आणायचा नाही. तशी वेळ आली तर आरोग्यमित्राला, धर्मादाय आयुक्तालयाला आणि आपल्या कार्यकर्त्याला फोन. फाइलची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे, तो हक्क आहे.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचं. नवी मुंबई महापालिकेला तीन प्रश्न विचारा. ऐरोलीच्या राजमाता जिजाऊ रुग्णालयात आणि वाशीच्या सार्वजनिक रुग्णालयात रात्री दोन वाजता ईसीजी दहा मिनिटांत निघतो का? गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन तिथे चोवीस तास उपलब्ध असतं का? रात्री आणि रविवारी टूडी इको करणारा माणूस हजर असतो का? उत्तर "हो" आलं तर छानच, वस्तीत तसं सांगा, म्हणजे लोक वेळेत तिथे जातील. "नाही" आलं तर मोर्चाचा विषय तुमच्या हातात आहे.

तिसरं काम कंपनीच्या गेटवर. कंत्राटी कामगारांचे ईएसआय नंबर तपासा. ज्याच्याकडे नाही त्याची यादी करा. हे काम युनियनचं आहे म्हणून हात झटकू नका. आपल्यातल्या किती जणांचे बाप त्याच गेटमधून आत जातात!

काकू परवा भेटल्या. म्हणाल्या, "बाळा, तू त्या दिवशी संध्याकाळी आला होतास, तेव्हाच त्यांना दम लागत होता ना रे?" मी हो म्हणालो. त्यापुढे मला बोलता आलं नाही. त्यांनी दोष दिला नाही, साधं विचारलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला आयुष्यभर द्यायचंय, आणि ते जलदान विधीला हळहळून देता येणार नाही.

पुढच्या वेळी कोणी "वेळ आली होती" म्हणालं तर त्याला थांबवा. विचारा, पहिली कळ किती वाजता आली, ईसीजी किती वाजता निघाला, धाप कोणत्या दिवशी लागली, इको कोणी केला नाही. दुःखाला कारण असतं आणि कारण दूर करता येतं, एवढं तरी आपण तथागतांकडून शिकलोय ना? मग मरणाचंही कारण विचारायला शिका.

जय भीम! जय संविधान!